बिनडासाचा डबा

१

शुक्रवारी सकाळी डेंग्यूताईने मोठ्या फ्रीजरचं दार उघडलं, खालच्या कप्प्यातली पोलादी चौकट बाहेर ओढली आणि हातमोजे घातलेला हात तसाच हवेत धरून ती उभी राहिली. चौकटीत तिसऱ्या डब्याची जागा रिकामी होती. तिने वरचा कप्पा पाहिला, मधला पाहिला, पुन्हा खालचा पाहिला. फ्रीजर आत उणे ऐंशी अंश थंड होता, तरी तिला दरदरून घाम फुटला. दार फार वेळ उघडं राहिल्यामुळे फ्रीजर ठणाणा करू लागला. ठणाणा खरं तर तिलाच करायचा होता, पण तिच्या तोंडून आवाज फुटेना.

डेंग्यूताई हे अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. तापाच्या वॉर्डात खाटेखाटेशी जाऊन "डेंग्यूच आहे ना नक्की?" असं आशेने विचारणाऱ्या मुलीला लोक दुसरं काय म्हणणार?

तिचा पीएचडीचा विषय सांगायला सोपा होता. डेंग्यूचा ताप सुरुवातीला सगळ्यांना सारखाच येतो. बहुतेक जण पडून राहतात आणि बरे होतात. मोजक्यांचं मात्र वेगळं असतं. त्यांचा ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्या आतून झिरपायला लागतात. हे मोजके कोण, ते ताप चढलेला असतानाच रक्तावरून ओळखायचं. त्यासाठी तिने रक्तातली दोन प्रथिनं हेरून ठेवली होती. पहिल्या दोन डब्यांतले नमुने वापरून तिने त्यांचं गणित बसवलं होतं. तिसरा डबा म्हणजे त्या गणिताची परीक्षा होती. परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून सांख्यिकीच्या बाईंनी त्यातल्या नळ्यांवरची रुग्णांची सगळी ओळख झाकली, नुसते आकडे चिकटवले, नळ्या कोऱ्या डब्यात भरल्या आणि सोमवारी दुपारी डबा ताईच्या हातात दिला. कोणता आकडा म्हणजे कोणता रुग्ण, हे फक्त बाईंना माहीत होतं, म्हणून ही आंधळी चाचणी. ताईने डबा स्वतःच्या हाताने फ्रीजरमध्ये ठेवला होता.

त्या नळ्या एकदाच वितळवायच्या होत्या. एकदा वितळल्या आणि पुन्हा गोठवल्या की ती नाजूक प्रथिनं मोडून जात, मग हाती लागणारा आकडा खरा की खोटा हे कुणालाच सांगता आलं नसतं. चाचणी येत्या सोमवारी होती, आणि त्यानंतर प्रबंध. डबा नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे प्रबंध नाही. मग पुढच्या साथीपर्यंत थांबायचं. म्हणजे लोकांना ताप कधी येतो याची वाट बघत बसायचं. असलं काही मनात आणायचीसुद्धा तिला लाज वाटली.

"अगं, दार लाव आधी! सगळी थंडी बाहेर येतेय," मागून आवाज आला.

हातात कागदांचं भेंडोळं घेऊन मावशी उभी होती.

"मावशी," ताई कशीबशी म्हणाली, "माझा डबा चोरीला गेला."

"जेवणाचा?"

"रक्ताचा!"

मावशीने हातातले कागद जवळच्या टेबलावर ठेवले, चष्मा नीट केला आणि म्हणाली, "मग मी आज घरी जात नाही."

२

मावशी म्हणजे ताईच्या आईची धाकटी बहीण. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात तिने उभा जन्म मुद्रितं तपासण्यात घालवला होता. निवृत्त झाली तरी डोळे निवृत्त व्हायला तयार नव्हते. औषधाच्या बाटलीवरच्या, दुकानाच्या पाटीवरच्या, शेजारणीच्या लग्नपत्रिकेवरच्या चुका ती काढत असे. पत्रिकेनंतर शेजारीण बोलेनाशी झाली होती. ताईच्या प्रबंधाचा मराठी सारांश तपासायचं काम मावशीने आपणहून ओढवून घेतलं होतं आणि आज ती तपासलेली पानं घेऊन आली होती.

"मला पहिल्यांदा तू सांग," मावशी म्हणाली. "हा डबा हरवल्यावर कुणाचा फायदा?"

"कुणाचाच नाही."

"तुझा आहे की. डबाच नाही तर तुझं गणित चुकलं असं कोण म्हणणार?"

ताई चिडली. रिकामी जागा बघितल्यावर ती घाबरली होती हे खरं. पण त्या भीतीच्या पार खाली, अगदी कणभर, सुटल्यासारखंही वाटलं होतं, आणि मावशीच्या चष्म्यातून ते निसटलं नव्हतं.

"मी नाही घेतला," ती पुटपुटली.

"माहीत आहे. तू चोर असतीस तर इतका वेळ दार उघडं ठेवलं नसतंस. फ्रीजर कुणाच्या ताब्यात असतो?"

फ्रीजर बर्फोबांच्या ताब्यात असे. हे प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ. डोक्याला लोकरी टोपी, कमरेला फ्रीजरची किल्ली आणि चेहऱ्यावर कायमची नाराजी. ते बाहेरच्या खोलीत नळ्यांची टोपणं मोजत बसले होते.

"माझा डबा तुम्ही हलवलात का?" ताईने थेट विचारलं.

बर्फोबांनी टोपी मागे सारली. "ताई, तुमच्या डब्याला मी कशाला हात लावू? तुमचा डबा मी झोपेतसुद्धा ओळखीन. झाकणावर डास काढलेला असतो."

ते खरं होतं. ताईने आपल्या डब्यांच्या झाकणांवर पक्क्या शाईने एकेक डास काढला होता. चित्रकला बेताची असल्यामुळे ते डास कमी आणि उडते हत्ती जास्त वाटत.

"डासाला मी हात लावलेला नाही," बर्फोबा शपथेवर सांगितल्यासारखे म्हणाले.

"इतरांच्या डब्यांना?" मावशीने विचारलं.

"इतरांच्या डब्यांना लावतो की! तेच तर काम आहे माझं. परवाचा डबा कोरड्या बर्फात भरला, सरांनी सांगितलं तसा. कालचे दोन पुसून ठेवले. बेवारशी काही दिसलं की जीव खालीवर होतो माझा. लोक येतात, डबे ठेवतात, नाव घालत नाहीत. माझ्या जेवणाच्या सुट्टीत तर हमखास."

"पण माझा तिसरा डबा—"

"तिसरा?" बर्फोबा उठून उभे राहिले. "ताई, डास मी रोज मोजतो. दोन होते, दोन आहेत. तुमचा तिसरा डबा या फ्रीजरमध्ये कधी आलेलाच नाही!"

३

"खोटं बोलतायत," बोळात आल्या आल्या ताई म्हणाली. "सोमवारी मी माझ्या हाताने ठेवलाय."

"खोटं बोलणारा माणूस इतका चिडत नाही," मावशी म्हणाली. "आणखी कोण?"

आणखी मलेरिया होता. हा ताईबरोबरच पीएचडीला लागलेला मुलगा, विषय अर्थातच मलेरिया. दोघांना फ्रीजरचे एकाखाली एक कप्पे मिळालेले, त्यामुळे त्यांचं नातं एका भिंतीच्या दोन शेजाऱ्यांसारखं झालं होतं. तो संगणकापुढे बसून एकाच तक्त्याचे रंग पुन्हा पुन्हा बदलत होता.

"ये, ये, डेंग्यू," तो म्हणाला. "आणि या कोण? तुझ्या पेशंट?"

"मावशी आहे माझी."

"नमस्कार, मावशी. हिला समजवा जरा. हिच्या आजाराला सगळे विचारतात. वर्तमानपत्रात डेंग्यू, दारावर पत्रक डेंग्यूचं. आमचा आजार किती जुना, किती खानदानी, पण आम्हाला कुणी हुंगत नाही."

"माझा डबा गेलाय," ताई म्हणाली. "तिसरा. फ्रीजरमधून."

मलेरियाच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "आंधळ्या चाचणीचा? अगं, काय सांगतेस!" मग त्याच्या लक्षात आलं की दोघीही आपल्याकडेच बघतायत. "ए, माझ्याकडे काय बघता? मी भांडतो, पण डबे नाही चोरत. शिवाय मला कसली चिंता? माझा डबा आज सकाळी रवाना झाला. गावाच्या दुसऱ्या टोकाला ती मोठी संस्था आहे ना, तिकडे. ते लोक आल्या आल्या वितळवतात आणि मशीनला लावतात. संध्याकाळपर्यंत माझे आकडे हातात."

"मजा आहे," ताई कडवटपणे म्हणाली.

"कसली मजा? डबा गेला म्हणजे कप्प्यात जागा झाली असेल म्हणून मघाशी नवा डबा ठेवायला गेलो, तर कप्पा तसाच गच्च! बोट शिरायला जागा नाही. तुझे डास वरून खाली उतरून माझ्या कप्प्यात संसार थाटतायत, खरं सांग."

"माझे डबे खालच्या कप्प्यात आहेत. ते वर चढतील, खाली कसे उतरतील?"

"मग चढले असतील! हुशार जात आहे."

"तुम्ही कप्प्यातले डबे मोजले का?" मावशीने मध्येच विचारलं.

"मोजणार कसे? दार जरा उघडं राहिलं की फ्रीजर बोंबलतो, आणि फ्रीजर थांबला की बर्फोबा सुरू होतात."

मावशीने मान हलवली. बाहेर पडता पडता ती थबकली. "या डब्याच्या चाचणीला कुणाचा विरोध होता का रे?"

मलेरियाने बोळाकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "सरांचा. गेल्याच आठवड्यात मी माझ्या कानांनी ऐकलंय. हिच्या डब्याचं नाव काढल्यावर सर म्हणाले, 'नको. धोका.'"

ताईने मान डोलावली. कारण ते तिनेही ऐकलं होतं.

४

सर हे ताईचे मार्गदर्शक. विद्वान, प्रेमळ, आणि सदैव घाईत. त्यांच्याकडे क्रियापदांसाठी वेळ नसे. त्यांची वाक्यं नामावर सुरू होऊन नामावर संपत. मधलं ज्याचं त्याने भरून घ्यायचं. ताईने इतक्या वर्षांत त्यात बऱ्यापैकी हात बसवला होता. "प्रकरण तिसरं. कचरा. पुन्हा," म्हणजे काय, हे तिला सवयीने कळे.

मावशीला मात्र हा माणूस पहिल्यांदाच भेटत होता.

"सर, माझा तिसरा डबा हरवला," ताई म्हणाली.

सरांनी डोळे विस्फारले. "आंधळा?"

"हो."

"अरेरे. सोमवार. चाचणी. प्रबंध." त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. नाटक करत असतील तर ते फार उत्तम नट होते.

"साहेब," मावशी म्हणाली, "तुम्ही हिला 'नको, धोका' असं म्हणाला होतात?"

"होय. स्कूटर."

"काय?"

"डबा. स्कूटरवर. धोका." सर ताईकडे वळले. "सांख्यिकी ते इथे. खड्डे. त्यापेक्षा गाडी."

ताईला आता आठवलं. सांख्यिकी विभागातून डबा मी स्कूटरवरून घेऊन येते, असं ती म्हणाली होती, तेव्हाचं ते उत्तर होतं. गेला आठवडाभर तिने त्याचा अर्थ 'ही परीक्षाच नको' असा लावून रात्री उशीत तोंड खुपसलं होतं.

"बरं, या आठवड्यात तुम्ही बर्फोबांना काही काम सांगितलंत?" मावशीने विचारलं.

"बुधवार. फोन. परवाचा डबा, कोरडा बर्फ, दाराशी. बस."

"एवढंच बोललात?"

"पुरेसं."

मावशीच्या कपाळावर बारीक आठी उमटली. ती काही बोलणार तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सरांनी तो कानाला लावला. पलीकडून बरंच काही बोललं जात होतं. सर एकीकडे ऐकत होते, एकीकडे एक कागद शोधत होते.

"हो. आमचाच. आकडे? हां, हां. चालेल. सुरू." त्यांनी फोन ठेवला. "मलेरिया. पलीकडची संस्था. किरकोळ."

ताई हताश होऊन दाराकडे वळली. मागे मावशीच्या पावलांचा आवाज येईना म्हणून तिने वळून पाहिलं. मावशी होती तिथेच उभी होती, आणि चुकीचं छापलेलं पुस्तक हाती आल्यावर दिसावा तसा तिचा चेहरा झाला होता.

"सगळ्यांना फ्रीजरपाशी बोलाव," ती म्हणाली. "पळत."

५

सगळे फ्रीजरपाशी जमले. बर्फोबा दाराला पाठ लावून उभे राहिले, जणू हे लोक फ्रीजरच उचलून नेणार होते.

"कुणी चोरी केलेली नाही," मावशी म्हणाली. "कुणी खोटंही बोललेलं नाही. बर्फोबा, तुम्ही डास मोजता. सोमवारी हिने ठेवलेल्या डब्यावर डास होता का?"

बर्फोबांआधी ताईच ओरडली, "नव्हता! बाईंनी डबा बदलला होता. कोरा होता तो. मी डास काढलाच नाही. काढला तर ओळख राहील, म्हणून."

"म्हणजे तुझ्या दृष्टीने तो तुझा डबा, आणि यांच्या दृष्टीने बेवारशी. सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतर तुम्हाला फ्रीजरमध्ये असा एक कोरा डबा दिसला?"

"दिसला," बर्फोबा सावधपणे म्हणाले. "जीव खालीवर झाला माझा."

"मग बुधवारी साहेबांचा फोन आला. परवाचा डबा कोरड्या बर्फात भरून दाराशी ठेवायचा. तुम्ही कोणता भरलात?"

"कोणता म्हणजे? परवाचाच. बुधवारी परवा म्हणजे सोमवार. सोमवारी एकच डबा आला होता, तो कोरा. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, सरांचा आहे. लगेच भरून दाराशी ठेवला आणि आज गाडी येईपर्यंत नवा बर्फ घालत राहिलो."

सरांचं तोंड उघडलं. "सोमवार? छे! परवा! शुक्रवार! जाणारा! मलेरिया!"



"झालेल्या दिवसाला आपण परवा म्हणतो," मावशी म्हणाली, "आणि यायच्या दिवसालाही परवाच म्हणतो. एरवी काही बिघडत नाही. परवा आला म्हटलं की मागचा, परवा जाईल म्हटलं की पुढचा. क्रियापद सांभाळून घेतं. आमच्या छापखान्यात परवा शब्द दिसला की शेजारी वार घालायचा, असा नियम होता. एका परीक्षेच्या सूचनेत तो घालायचा राहिला आणि मुलं परीक्षा होऊन गेली असं समजून घरी बसली. साहेब, तुम्ही 'परवा जाणारा डबा' एवढं म्हणाला असतात तरी भागलं असतं. एक शब्द, साहेब. एकच."

सर जमिनीकडे बघत राहिले.

"थांबा," मलेरिया म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "म्हणजे माझा डबा..."

"तुमचा कप्पा गच्च का आहे, असं तुम्हीच विचारत होतात ना?"

बर्फोबांनी काही न बोलता दार उघडलं. मलेरियाने आपली चौकट ओढली, डब्यांवरचं हिम पुसलं आणि एका झाकणावरचं ठळक 'म' हे अक्षर सगळ्यांना दिसलं. तो डबा सुखरूप जागच्या जागी बसला होता. फ्रीजर ठणाणा करू लागला, पण बर्फोबा पहिल्यांदाच कुणावर ओरडले नाहीत.

"मग आज सकाळी जो गेला," ताई हळूहळू म्हणाली, "आणि ते लोक आल्या आल्या जो वितळवतात..."

"आणि साहेबांना मघाशी जो फोन आला," मावशी म्हणाली. "त्यांनी आकड्यांचं काय विचारलं, साहेब?"

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "आकडे. यादीशी. जुळत नाहीत. तरी... सुरू?"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

ते सगळ्यांनाच आठवत होतं. सर म्हणाले होते, चालेल. सुरू.

६

सरांच्या खोलीपर्यंतचा बोळ ताई कशी पळाली, ते तिचं तिला कळलं नाही. वाटेत कुणाच्या तरी हातातला चहा सांडला. तिच्यामागे मलेरिया, त्याच्यामागे सर, त्यांच्यामागे टोपी सांभाळत बर्फोबा आणि सगळ्यांच्या मागे, न पळता झपझप चालत, मावशी.

फोन सरांनी लावला. तिकडून कुणीतरी उचलला.

"डबा!" सर ओरडले. "डेंग्यू! नको! बर्फ!"

पलीकडे काहीच समजलं नसावं, कारण सरांनी तेच शब्द उलट्या क्रमाने सांगितले. मावशीने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून त्याचा आवाज मोठा केला.

"नमस्कार," ती शांतपणे म्हणाली. "आज सकाळी तुमच्याकडे आमचा एक डबा चुकून आला आहे. तो कृपया वितळवू नका."

"तो होय?" पलीकडची बाई म्हणाली. "तो तर मघाशीच बाहेर काढला."

ताई मटकन खुर्चीत बसली. तिला वॉर्डातल्या त्या खाटा दिसल्या. रक्त घेताना तोंड फिरवणारी मुलं. "आमच्या पोराला याचा काही उपयोग नाही, पण घ्या, पुढच्या कुणाला तरी होईल," असं म्हणून बाळाचा हात धरून ठेवणारे बाप. तो पुढचा कुणीतरी त्या डब्यात होता.

"बाहेर म्हणजे कुठून बाहेर?" मावशीने विचारलं.

"म्हणजे खोक्यातून."

"आणि कुठे ठेवला?"

"आमच्या फ्रीजरमध्ये. उणे ऐंशीला. दुसरीकडे कुठे ठेवणार?"

"वितळवला नाहीत?"

"कसा वितळवणार? नळ्यांवरचे आकडे यादीशी जुळेनात. तुमच्या सरांना फोन केला. विचारलं, चाचणी सुरू करायची की थांबायचं? तर म्हणाले, चालेल, सुरू. आता थांबलात तरी चालेल, की सुरू केलीत तरी चालेल? सुरू करा, की तुमच्याकडे काहीतरी सुरू आहे? आम्ही चौघांनी चार अर्थ काढले. शेवटी ठरवलं, ते पुन्हा नीट सांगतील तोवर हात लावायचा नाही."

मग मलेरिया खुदकन हसला आणि बर्फोबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. ताईला हसू आणि रडू एकदमच आलं, त्यामुळे तिच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज निघाला.

सर तेवढे ताठ झाले. "बघा," ते मावशीला म्हणाले. "क्रियापद असतं तर?"

मावशीने चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला.

डबा आणायला विभागाची गाडी निघाली. कोरडा बर्फ बर्फोबांनी स्वतः भरला. मलेरिया आपला डबा घेऊन त्याच गाडीत बसला आणि जाताना म्हणाला, "डेंग्यू, तुझा डबा मांडीवर घेऊन येतो. पण तुझ्या खालच्या कप्प्यातली एक चौकट मला. बोल."

"दिली," ताई म्हणाली.

७

सोमवारी चाचणी झाली. ताईने प्रत्येक आकड्याचा निकाल बंद करून सांख्यिकीच्या बाईंकडे पाठवला. त्यानंतर बाईंनी आपली यादी उघडली आणि ठिपक्यांचा एक तक्ता पाठवून दिला. प्रत्येक ठिपका म्हणजे एक रुग्ण. मध्ये एक आडवी रेघ. ज्यांचा आजार पुढे बळावला ते लाल, बाकीचे करडे. ताईचं गणित खरं असेल तर लाल ठिपके रेघेच्या वर असायला हवे होते.

तो तक्ता समोर ठेवून तिने सारांशाचं शेवटचं वाक्य लिहिलं आणि कागद मावशीच्या घरी नेला. मावशीने चष्मा लावून मोठ्याने वाचलं: "अशा रुग्णांना ताप चढलेला असतानाच ओळखून रुग्णालयात थांबवून घेणे शक्य होईल, असे दिसते."

तिचा लाल पेन 'असे दिसते' या शब्दांवर येऊन थांबला.

"हे कशाला? होईल तर होईल म्हण. एवढी धावपळ केलीस, आता कुणाला भितेस?"

"भीत नाही." ताईने तक्ता पिशवीतून काढून टेबलावर पसरला. "हे बघ. लाल ठिपके. बहुतेक सगळे रेघेच्या वर."

"सुरेखच आहे की! मग?"

ताईने एका ठिपक्यावर बोट ठेवलं. तो लाल होता, एकटा होता, आणि रेघेच्या बराच खाली, करड्या ठिपक्यांच्या गर्दीत बसला होता.

"हा मुलगा. सात वर्षांचा. माझ्या गणिताने याला 'घरी जा' म्हटलं असतं."

मावशीने तक्ता जवळ ओढला.

"आता कसा आहे?"

"बरा झाला. पण माझ्या गणितामुळे नव्हे. डॉक्टरांना तो दिसायला बरा वाटेना म्हणून त्यांनी ठेवून घेतला. तेव्हा जो कुणी माझा प्रबंध वाचेल त्याने हा विसरता कामा नये."

मावशीने पेन कागदावरून उचलला.

"मग 'असे दिसते' राहू दे," ती म्हणाली. मग तिने पुन्हा कागदावर वाकून पाहिलं. "पण त्याच्या आधीचा स्वल्पविराम काढ."